‘नाही’ कुठं बसतं

१

चौदावं पान वाचून झाल्यावर दप्तरदारांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि पान पहिल्यापासून वाचलं. दोष चष्म्याचा नव्हता.

‘तीस परीक्षणांअंती सदर चटईपासून बालकांना धोका नाही असे आढळले. विक्रीस हरकत नसावी.’

खाली तपासणीबाईंची सही होती. तिच्यावर शंका घ्यायला जागाच नव्हती. पानाच्या भोकाभोवती कागदाची गोल चकती चिकटवलेली होती, तीही बाईंचीच सवय. दोरी ओवताना पान फाटू नये म्हणून त्या कोऱ्या कागदालासुद्धा आधी चकती लावायच्या. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त बाई नव्हत्या. त्यांना जाऊन बारा दिवस झाले होते.

या खात्याला गावात ‘ताकफुंके’ म्हणत. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हे लोक तोंड पोळायच्या आधीपासूनच फुंकत बसलेले, अशी ती थट्टा. अगदीच खोटी नव्हती. बाजारात जाणारी नवी वस्तू आधी इथं यायची. तपासणीबाई ती भिजवायच्या, घासायच्या, तापवायच्या आणि मग टिप्पणी लिहायच्या. कलमच तसं होतं: शंका उरली तर थांबवा. वस्तू निर्धोक आहे हे दाखवणं बनवणाऱ्याचं काम, घातक आहे हे सिद्ध करत बसणं गिऱ्हाइकाचं नव्हे. या खेपेची वस्तू होती लहान मुलांनी रांगायची मऊ, रंगीत चटई.

आता दप्तरदार काही गुप्तहेर नव्हेत. त्यांचं काम फायली बांधायचं, सोडायचं आणि मागितल्या की द्यायचं. पण घरी वाट बघणारं कुणी नसलं की माणूस कशातही जीव रमवतो. दप्तरदार फायली अख्ख्या वाचायचे. बाईंच्या अठरा वर्षांच्या टिप्पण्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि त्या अठरा वर्षांत बाईंनी ‘धोका’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांना एकदाही शेजारी बसू दिलं नव्हतं. त्या लिहायच्या, ‘धोका आढळला नाही.’

“दोन्हींचा अर्थ एकच की,” एकदा चहा घेताना दप्तरदार म्हणाले होते.

“‘नाही’ कुठं बसलंय ते बघा,” बाई म्हणाल्या होत्या. “मला किल्ली सापडली नाही, म्हणजे किल्ली घरातच नाही असं मला सापडलं का?”

दप्तरदारांनी फाईल मिटली. हे वाक्य बाईंचं नव्हतं, आणि सही मात्र बाईंचीच होती.

२

साहेब माणूस वाईट नव्हते, नुसते थकलेले होते. त्यांनी पान बघितलं, सही बघितली आणि मग दप्तरदारांकडे बघितलं. म्हातारा अजून सावरला नाही, असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं.

“सही कुणाची, दप्तरदार?”

“बाईंची.”

“मग?”

“वाक्य त्यांचं नाही.”

“हे बघा, तुमचा स्नेह होता, मला कळतं. रोज चारला तुम्ही दोघं चहा घ्यायचात, अख्ख्या खात्याला माहितीय. पण एक ‘नाही’ पुढं की मागं, यावर मी माल अडवू? कारखान्यात तीनशे माणसं आहेत.”

“शंका असेल तर थांबवायचं, असं कलमच आहे, साहेब.”

“शंका कागदावर लागते. तुमच्या मनातल्या शंकेवर शिक्का कुठं मारू?” साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते. “कारखान्याच्या गाड्या उद्या सकाळी निघणार. मी पाचला शिक्का मारतो. त्याआधी कागद आणलात तर ठीक.”

“फाईल कुणाकुणाकडे गेली होती?”

“टंकलेखिकेकडे, मग बाईंच्या सहायकाकडे. गुरुवार-शुक्रवार मास्तरांकडे होती, जाहीर सूचनेची भाषा बघायला. आणि आज तुमच्याकडे.”

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन खात्याची भाषा तपासायला आलेले गृहस्थ. बाईंच्या टिप्पण्यांना मात्र त्यांची लेखणी लागायची नाही. तपासणीतला शब्द जसाच्या तसा राहिला पाहिजे, असा नियम होता. त्यावरून दोघांची वर्षानुवर्षं प्रेमळ भांडणं चालायची.

उठता उठता दप्तरदार म्हणाले, “साहेब, एक पोच लिहून द्या. ‘परीक्षणाची फाईल पाहिली’, एवढंच. आपल्या हातानं.”

“ही कसली नवी टूम?” साहेब कुरकुरले, पण त्यांनी लिहून दिलं. दप्तरदारांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि का मागितला ते काही सांगितलं नाही.

३

“काका, मी माशीला माशी छापते,” टंकलेखिका म्हणाली. “बाईंनीच बजावलं होतं. वाचायचं नाही, सुधारायचं नाही, समोर दिसतंय ते छापायचं.”

“चौदाव्या पानावर काय होतं, आठवतं?”

तिनं पान हातात घेतलं आणि तिचा चेहरा बदलला. “शब्द नाही आठवत. पण काका, ते पान भरलेलं होतं. खालच्या सहीला भिडेल म्हणून मी ओळी दाटीनं बसवल्या होत्या. हे तर दोन ओळींचं आहे!”

“दुसरी प्रत?”

“बाईंच्या टिप्पणीची प्रत काढायची नाही, नियम आहे. निकालाआधी कारखान्याच्या हाती लागू नये म्हणून. त्यांचं हातचं लिखाण मी फाईलीतच मागं लावलं होतं.”

फाईलीच्या मागं काही नव्हतं. दप्तरदारांनी विचारायचा तो प्रश्न विचारला, पण विचारताना त्यांना तिच्याकडे बघवेना. “कोऱ्या पानांवरच्या सह्या?”

ही गोष्ट दप्तरदारांच्या काळजाला लागलेली होती. बाईंचा तो खात्यातला शेवटचा दिवस. जिना चढताना त्यांना तीनदा थांबावं लागलं होतं. टिप्पणी हातानं लिहून झाली होती, छापून व्हायला दुसरा दिवस उजाडणार होता. सहीपुरतं पुन्हा जिना चढायला नको, म्हणून तीन कोऱ्या पानांवर सह्या करून ठेवा, असं सुचवलं ते दप्तरदारांनीच. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी, जवळ दोन चष्मे, दोन किल्ल्या बाळगणारी ती बाई आधी तिन्ही पानांना चकत्या लावत बसली. मग म्हणाली, “तुम्ही म्हणताय म्हणून.” आणि जाताना दाराशी वळून म्हणाली, “चारच्या चहाला खोलीत या बरं का. मी नसले तरी.”

ते गेले नव्हते. बाईंच्या खोलीची किल्ली बारा दिवस त्यांच्या खिशात होती, पण चार वाजले की त्यांचे पाय जड व्हायचे.

“तीनातली दोन पानं लागली,” टंकलेखिका म्हणाली. “तिसरं मी खणात ठेवलं होतं.”

तिनं खण ओढला. आत सुया होत्या, शाईची फीत होती, तिच्या लेकराचा एक मोजा होता. पान नव्हतं.

“कुलूप?”

“कुलूप कधीच नव्हतं, काका.” ती रडवेली झाली. दप्तरदारांनी तिचीही पोच लिहून घेतली.

४

बाईंचा सहायक खिडकीशी उभा होता. त्याचा डोळा बाईंच्या टेबलावर आहे, असं खात्यात सगळेच म्हणत, आणि त्यानं तोंड उघडलं तेच मुळी, “बरं झालं आलात. बाईंच्या खोलीची किल्ली देता का?”

“इतकी घाई?”

“घाई कसली? त्यांची ताप-परीक्षणाची वही आतच अडकलीय.”

“ताप-परीक्षण?”

“चटई थंडीत ठीक होती, ओलीत ठीक होती. पण बाईंनी दोन चटया या काचेमागं उन्हात ठेवायला लावल्या. चौथ्या दिवशी असा उग्र वास सुटला की माझ्या डोळ्यांना पाणी. त्यातून नेमकं काय निघतं, ते तपासायला सहा आठवडे लागले असते. आणि बाई पडल्या आजारी.”

“म्हणजे ते परीक्षण झालंच नाही?”

“नाही.”

“मग ‘धोका नाही असे आढळले’ कसं काय?”

सहायकानं मान खाली घातली. “निकाल कानावर आला तेव्हा मला वाटलं, बाईंनी काही विचार केला असेल. मी टिप्पणी वाचली नाही. मला कुणी विचारलंही नाही.”

त्याचं बोलणं खरं वाटत होतं, पण साहेब त्यावर काय म्हणतील ते दप्तरदारांना आधीच ऐकू येत होतं: वही नको, टिप्पणीत काय लिहिलंय ते दाखवा. त्यांनी सहायकाकडूनही एक ओळ लिहून घेतली आणि जिन्यावर उभं राहून तिन्ही पोचा शेजारी शेजारी धरल्या.

साहेबांनी लिहिलं होतं ‘परिक्षणाची’. टंकलेखिकेनं लिहिलं होतं ‘परिक्षणाची’. सहायकानंही तेच. तिघांनीही ‘रि’ ऱ्हस्व काढला होता, कारण तिघंही आयुष्यभर बाईंच्या टिप्पण्या वाचत आले होते, आणि बाई शास्त्रात कितीही पक्क्या असल्या तरी हा शब्द अठरा वर्षं चुकीचाच लिहीत आल्या होत्या. माशीला माशी छापणाऱ्या पोरीनं तो तसाच छापला असता.

चौदाव्या पानावर मात्र ‘परीक्षण’ होतं, री दीर्घ. खोटं पान करतानासुद्धा चुकीचं लिहायला ज्याचा हात धजला नाही, असा माणूस खात्यात एकच होता. तो आज रजेवर होता.

५

मास्तर खात्याच्या मागच्याच गल्लीत राहायचे. दप्तरदार पूर्वी दोन-तीनदा त्या घरी गेले होते, तेव्हा तिथं एक माणूस आणि एक घड्याळ एवढेच होते. आता दारात दुपटी वाळत होती. सहा महिन्यांपूर्वी मास्तरांच्या मुलाला चटईच्या कारखान्यात काम मिळालं, आणि तो बायको-मुलासह वडिलांकडे राहायला आला. तेव्हापासून मास्तर इस्त्रीचे कपडे घालू लागले होते.

“या, या! सूनबाई, दप्तरदार आलेत!” मास्तर मोठ्यानं म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं.

खोलीच्या मध्यभागी जुनी चादर दुहेरी घालून अंथरलेली होती. तिच्यावर आठ महिन्यांचा नातू रांगत होता, आणि चादर गुडघ्यात अडकून तोंडावर आपटत होता. दप्तरदारांनी सहज वर पाहिलं. कपाटावर लाल-पिवळी गुंडाळी होती, सुतळीनं घट्ट बांधलेली.

“चटई वर का टाकली हो?” त्यांनी सुनेला विचारलं.

“बाबांनाच विचारा,” सून हसून म्हणाली. “गुरुवारी ऑफिसातून आले ते तडक चटई उचलली. म्हणे वास येतो. महिनाभर त्यांना वास आला नाही! ह्यांनी कारखान्यातून हौसेनं आणलेली. आता बघा, पोराच्या नाकाला रोज नवी खोक.” ती मुलाला घेऊन आत गेली.

दोघं म्हातारे त्या रिकाम्या चादरीकडे बघत बसले.

“मास्तर,” दप्तरदार हळूच म्हणाले, “चौदाव्या पानावर शुद्धलेखनाची एकही चूक नाही.”

मास्तरांनी सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला. “मग? चांगलंच आहे की.”

“बाईंनी लिहिलं असतं तर एक असती. आणि दुसरं. त्या चटईपासून धोका नाही, हे आज सगळ्या खात्याला माहितीय. मग गुरुवारी तुमच्या नातवाखालची चटई का निघाली? खरं पान वाचल्याशिवाय ती काढायचं कुणाला कारणच नव्हतं.”

मास्तरांनी कपाटावरच्या गुंडाळीकडे पाहिलं.

“शंकाच होती हो ती,” अखेर ते म्हणाले. “नुसती शंका. ‘उन्हात तापल्यावर काय निघते ते कळेपर्यंत थांबवावे.’ सहा आठवडे माल पडून राहिला तर ही चटई बंद करतील, नवी माणसं आधी काढतील. म्हणजे माझा मुलगा. म्हणजे तो परत दूर जाणार, आणि मी पुन्हा ह्या खोलीत एकटा, घड्याळाची टिकटिक ऐकत.” त्यांनी डोळे पुसले. “तुम्हाला सांगायला नको, दप्तरदार. तुम्हाला माहितीय संध्याकाळ कशी असते.”

दप्तरदारांना माहीत होती. त्यामुळेच राग यायला हवा तितका त्यांना येत नव्हता, आणि ह्याचाच त्यांना राग आला.

“नुसती शंका होती, तर चटई वर का?”

“नातू आहे माझा.”

“बाकीचीही कुणाची तरी नातवंडंच आहेत, मास्तर.”

आत मूल खदखदून हसलं. मास्तरांनी मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली.

“खरं पान कुठं आहे?”

“जाळलं. हातचं लिखाणही. शुक्रवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, खणातल्या सहीच्या कोऱ्या पानावर दोन बोटांनी टाइप केलं. मी येतो तुमच्याबरोबर, साहेबांसमोर सगळं कबूल करतो. पण माझ्या शब्दावर साहेब गाड्या थांबवतील? ते म्हणतील, बाईंची टिप्पणी दाखवा. ती आता जगात कुठंच नाही.”

“कुठंच नाही,” दप्तरदार पुटपुटले. मग ते थबकले.

कुठंच सापडली नाही, एवढंच म्हणता येत होतं. शोधलं कुणी होतं? दोन चष्मे, दोन किल्ल्या बाळगणारी बाई, आणि जिच्या शब्दावर अख्खा माल अडणार ती टिप्पणी तिनं एकच ठेवली असेल? नियम असो वा नसो! ‘चारच्या चहाला खोलीत या बरं का. मी नसले तरी.’ तो निरोप होता. आणि त्यांनी तो निव्वळ गोडवा समजून बारा दिवस खिशात किल्लीसारखाच वागवला होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

६

खोली उघडली तेव्हा बंद हवेचा आणि चहापत्तीचा वास आला. टेबलावर दोन पेले पालथे होते. खुर्चीच्या पाठीवर बाईंची शाल तशीच होती. दप्तरदार दारातच थांबले. त्यांना वाटलं, आपण परत जावं. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं आणि चहाचा डबा उघडला.

पत्तीच्या पुडीखाली, चार घड्या केलेली, कार्बनची निळी प्रत होती. बाईंचं अक्षर, बाईंची सही, आणि पहिल्याच ओळीत बाईंची चूक: ‘तीस परिक्षणांत धोका आढळला नाही. परंतु उन्हात तापलेल्या चटईचे परिक्षण झालेले नाही. आढळले नाही याचा अर्थ नाही असा घेऊ नये. ते होईपर्यंत विक्री थांबवावी.’ खाली पानभर कारणं होती.

तिच्यासोबत आणखी एक लहान चिठ्ठी होती. वर लिहिलं होतं, ‘दप्तरदारांस.’ ती त्यांनी न उघडताच वरच्या खिशात ठेवली. आधी काम.

साहेबांनी प्रत दोनदा वाचली. दारात मास्तर उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात कबुलीचा कागद घेऊन. साहेबांनी तो वाचला आणि मास्तरांकडे पाहिलं. मग त्यांनी खणातून दुसरा शिक्का काढला, फार न वापरलेला, तांबड्या शाईचा. तो शाईत दाबून फाईलीवर मारला. ‘थांबवले.’

“गाड्या उद्या निघणार नाहीत,” ते म्हणाले. “ताप-परीक्षण कारखान्यानं स्वतः करून आणावं. आपल्या खोलीत आपणही करू. मास्तर, तुमचं काय करायचं ते उद्या बघू. आज घरी जा.”

मास्तर जिन्यापर्यंत गेले आणि वळून दप्तरदारांना म्हणाले, “मुलगा गेला तर?”

“गेलाच, तर चारला या,” दप्तरदार म्हणाले. “चहा असतो.”

सगळे पांगल्यावर ते बाईंच्या खोलीत परत आले. खिडकीतून अजून उजेड येत होता. खुर्चीत बसून त्यांनी चिठ्ठी उघडली.

‘दप्तरदार,

ही चिठ्ठी हाती लागली म्हणजे तुम्ही चहाला आलात. बरं वाटलं.

अठरा वर्षं आपण समोरासमोर बसलो. तुम्हाला एक विचारायचं होतं, ते तुमच्या तोंडापर्यंत बऱ्याचदा आलेलं मी पाहिलं. शंका आली की तुम्ही थांबायचात. आपल्या खात्याची सवय, दुसरं काय! मीही बाई माणूस म्हणून गप्प राहिले, ही माझी चूक.

तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून माझं उत्तर नाही होतं, असं मात्र लिहून ठेवू नका. ते आढळलं नाही, इतकंच. परिक्षणच झालं नव्हतं.’

दप्तरदारांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. ऱ्हस्व ‘रि’वर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. एकट्या माणसाला हुंदका दाबायची सवय असते. त्यांनी तो दाबला नाही.

मग ते उठले. शेगडी पेटवली, पाणी ठेवलं, पत्ती टाकली. एक पेला सुलटा केला आणि चहा गाळला. पहिला घोट घेतला आणि थांबले. चहा कडू होता. साखर बाईच घालायच्या. ती कुठं ठेवलेली असते, हेही त्यांनी अठरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.